मस्ट, कुड, शुड कोणासोबत काय लावायचं? ऑफिसात घोळ करून बसलोय

भांडुप_पश्चिम:

नमस्कार मंडळी. प्रश्न शाळेतला वाटेल पण हसू नका. मी मराठी मीडियमचा, आमच्या वेळी एबीसीडी पाचवीला हातात यायची. बीकॉम केलं, मग बारा वर्षं अकाउंट्समध्ये. तिथे इंग्रजी म्हणजे व्हाउचर, एक्सेल आणि प्लीज फाइंड अटॅच्ड, तेवढ्यावर निभावलं. गेल्या महिन्यापासून लंडनच्या एका क्लायंटचं काम माझ्याकडे आलंय, रोज मेल आणि आठवड्यातून दोनदा कॉल.

तर झालं असं. शनिवारी आम्ही इयर एंडिंगचा कॉल ठेवला होता. क्लायंटकडचे एक मोठे साहेब आहेत, वयाने पण मोठे, त्यांची सुट्टी कशाला खराब करा म्हणून मला लिहायचं होतं की तुम्ही नाही आलात तरी चालेल, आम्ही बघून घेतो. मी लिहिलं, यू मस्ट नॉट जॉइन ऑन सॅटर्डे. मला वाटलं मस्ट म्हणजे यायलाच पाहिजे, नॉट लावलं की यायलाच पाहिजे असं नाही, हिशोब बरोबर. दोन तासांनी माझ्या मॅनेजरला तिकडून फोन, की आमच्याकडून काही चूक झालीय का. मॅनेजरने माझ्या टेबलापाशी उभं राहून तो मेल मोठ्याने वाचला, समोरची इंटर्न मुलगी कीबोर्डकडे बघून हसत होती ते मला दिसलं.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, यू मस्ट सेंड मी द फाइल टिल टुडे. यावर पण ऐकून घेतलंय, उद्धट आहे म्हणे, आणि टिल चुकीचं आहे म्हणे, पण बरोबर काय ते कोणी सांगत नाही, सगळे घाईत.

मला एवढंच हवंय की आय, यू, ही, शी, दे यातल्या प्रत्येकाबरोबर कुठलं हेल्पिंग व्हर्ब आणि त्याच्यापुढे टू, विथ, ऑन, बाय यातलं काय, असा एखादा तक्ता कोणाकडे आहे का? पाठ करायची तयारी आहे, एकोणतीसचा पाढा अजून येतो मला. सकाळच्या गाडीत घाटकोपरपर्यंत कोणी हात पण हलवू देत नाही, तोंडातल्या तोंडात म्हणता येतं.

उगाच_एक:

तक्ता मिळाला की मलाही टाका. मी सगळ्याला प्लीज लावतो, वरणावर तूप सोडतात तसं. अजून कोणी तक्रार केली नाही.

निवृत्त_बाई:

भांडुप, अहो हसण्यासारखं काही नाही यात. दादरच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी, हीच चूक दर वर्षी नव्याने तपासली आहे.

तुमच्या तक्त्याचा अर्धा भाग अस्तित्वातच नाही, ही आनंदाची बातमी आधी घ्या. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, ही नऊ. आय असो, शी असो, दे असो, यांच्या रूपात काडीचा बदल नाही. ही गोज होतं पण ही कॅन्स होत नाही. आपल्याकडे बघा किती उपद्व्याप, मी करू शकतो, मी करू शकते, तू शकतोस, ती शकते, ते शकतात. त्या मानाने इंग्रजी कॅन म्हणजे दगड आहे, हलत नाही.

पोरं विचारायची, बाई बाकी सगळ्यांना एस लागतो मग यांना का नाही. कारण असं की कॅन, मे, शॅल ही मुळात जुनी भूतकाळी रूपं, पुढे ती वर्तमानकाळासाठी वापरात आली आणि भूतकाळी रूपाला तो एस लागत नसे. पटत नसेल तर आपलं पाहिजे घ्या. मला पाहिजे, तुला पाहिजे, त्यांना पाहिजे, माणूस बदलला तरी पाहिजे तसंच. ते मुळात पाहणे या क्रियापदाचं जुनं कर्मणी रूप, जुन्या मराठीत कीजे, म्हणिजे अशी रूपं असत त्यातलंच एक, ते गोठलं आणि त्याचा अर्थच वेगळा झाला. आपलं म्हणजे हेही असंच गोठलेलं म्हणिजे आहे बरं का. गोठलेला शब्द माणसाप्रमाणे बदलत नाही, इतकंच.

दुसरं, या नवांच्या पुढे टू येत नाही. आय कॅन टू गो नाही, आय कॅन गो. ऑट टू, हॅव टू, यूज्ड टू ही मंडळी वेगळ्या घरची, त्यांचा टू त्यांच्या अंगाचाच आहे. आणि दोन जण एका खुर्चीत बसत नाहीत, आय विल कॅन डू नाही, आय विल बी एबल टू डू. मुंबईच्या ऑफिसांत सर्रास ऐकू येणारं आय कॅन एबल टू हे तर चहात साखर घालून वर गूळ टाकल्यासारखं. कॅनमध्येच एबल आहे.

आता तुमचा मस्ट नॉट. दोष तुमच्या डोक्याचा नाही, आपल्या नकोचा आहे. "पावसात भिजायला नको" म्हणजे भिजू नये. "उद्या क्लासला यायला नको, सुट्टी आहे" म्हणजे यायची गरज नाही. मराठीत दोन्हीकडे नको चालतं, सुरावरून कळतं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे दरवाजे आहेत. मस्ट नॉट म्हणजे खबरदार, पाऊल टाकायचं नाही. गरज नाही म्हणायचं असेल तर यू डोन्ट हॅव टू जॉइन किंवा यू नीड नॉट जॉइन. तुम्ही त्या साहेबांना शनिवारी यायला मनाई केलीत, म्हणून त्यांनी फोन केला.

आणि एक गंमत जाता जाता. इंग्रजीतला मी हा आपला मी नव्हे. सेंड मी मधला मी म्हणजे आपला मला. आणि इंग्रजी ही म्हणजे आपला तो. पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर हे लिहिलं की पहिले दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग पोरांना सांगायची, मराठीत जिथे मी चा माझ्या होतो आणि पुढे शी, वर, साठी, बरोबर असं काही चिकटतं, तिथे इंग्रजीत आय चालत नाही. माझ्याबरोबर, विथ मी. त्याच्यासाठी, फॉर हिम. म्हणून बिटवीन यू अँड आय हे कितीही साहेबी वाटलं तरी चूक, बिटवीन यू अँड मी. याचा मस्ट किंवा शुडशी काही संबंध नाही. शी शुड कम विथ मी, दे मे कम विथ मी, मी तिथेच बसलेला.

भांडुप_पश्चिम:

बाई, एका बैठकीत बारा वर्षांचं शल्य गेलं. म्हणजे मी खरंच साहेबांना येऊ नका म्हणालो. आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून तो मेल वाचला तर घामच फुटला.

पण मग यू मस्ट सेंड यात उद्धट काय ते सांगा. फाइल त्याच दिवशी पाहिजेच होती, मस्ट म्हणजे पाहिजेच ना?

नाईट_शिफ्ट:

भावा मी सांगतो. सात वर्षं मालाडला कॉल सेंटर केलंय, रात्री साडेआठला लॉगिन, पहाटेच्या पहिल्या गाडीने घरी. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं, कस्टमरला मस्ट म्हणायचं नाही, मस्ट फक्त पोलीस आणि आई म्हणते.

बघ, मस्ट म्हटलं की सांगणारा वरच्या पायरीवर जातो, मी सांगतोय म्हणून कर. फाइल पाहिजे तर कॅन यू सेंड मी द फाइल, हे आपल्या बरोबरीच्याला, शेजारच्या टेबलावरच्याला. कुड यू सेंड मी, हे क्लायंटला. वुड यू माइंड सेंडिंग, हे जेव्हा आपलीच चूक आहे आणि त्याला परत काम करायला लावतोय तेव्हा. यात यू कुठेच बदलला नाही बघ, बदललं ते पुढचं. आणि प्रश्नात कुड आधी यू नंतर, यू कुड सेंड मी म्हटलंस तर ती विनंती राहत नाही, सुचवणं होतं, पाठवू शकाल की.

पण मस्टचा दुसरा एक अर्थ आहे तो बिनधास्त वापर, अंदाजाचा. यू मस्ट बी टायर्ड म्हणजे दमला असाल. ही मस्ट बी ऑन द ट्रेन, गाडीत असेल तो. इथे हुकूम नाही, आपला असेल आहे तो. कॉलवर त्यांच्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा यू मस्ट बी अप अर्ली म्हण, माणूस खूश होतो.

कॉलवर अजून एक डेंजर जागा सांगतो, मेलमध्ये हा त्रास नाही. कॅन आणि कान्ट. आपण कॅन अगदी ठासून म्हणतो, कॅssन. अमेरिकन माणूस साध्या वाक्यात ते गिळून टाकतो, आय कन डू इट, नुसतं क् न. आणि नकारात कॅन्ट म्हणताना जोर देतो पण शेवटचा ट खातो. म्हणजे त्याच्या कानाला ठासून म्हटलेलं कॅन हे कॅन्टच वाटतं. मी एका बाईला तीन वेळा सांगितलं, मॅम आय कॅन रिफंड इट, दर वेळी जास्त जोरात, आणि दर वेळी ती जास्त भडकली, सुपरवायझरकडे गेला कॉल. रिफंड तिला मिळणारच होता! त्या रात्रीपासून मी यस आय कॅन असं यस लावूनच बोलतो, आणि नकार असेल तर सरळ आय ॲम नॉट एबल टू. लंडनवाले कान्ट म्हणतात, आ लांब, त्यांच्याशी हा घोळ कमी होतो, तरी यस ठेव.

आणि स्वतःला कमी समजू नकोस, त्यांचेही घोळ आहेत. शुड हॅव हे ते बोलताना शुडव् म्हणतात, आणि आपण ज्याला ऑफ म्हणतो त्या ओ एफचा खरा उच्चार ऑव् आहे, दोन्ही कानाला सेम. मग चॅटवर गोरे लोक स्वतः लिहितात आय शुड ऑफ कॉल्ड यू. डोळ्यांनी पाहिलंय, हजार वेळा. शुडनंतर ओ एफ कधीच येत नाही, हॅव येतं. आपण व्याकरण वाचून शिकलो म्हणून आपल्याकडून ही चूक होत नाही.

उगाच_एक:

वुड यू माइंड, कुड यू काइंडली. साहेब जाऊन पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली, आपण अजून कमरेत वाकलेले. पैसे घेऊन काम करतोय ना, मग पाहिजे ते पाहिजे म्हणायचं. दादर फलाटावर वुड यू माइंड म्हणत बसलात तर गाडी सुटेल. "चला, आत चला" म्हणतो आपण आणि सगळे आत जातात.

निवृत्त_बाई:

उगाच, "चला" म्हणालात. चल का नाही म्हणालात? अनोळखी माणसाला तुम्ही गर्दीत धक्के खातानासुद्धा आदरार्थी बोललात आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

मुद्दा तोच आहे. आपला मान ठेवलेला असतो सर्वनामात. तू, तुम्ही, आपण. तुम्ही म्हटलं की निम्मं काम झालं, मग "तुम्ही आज फाइल पाठवा" हे अजिबात उद्धट लागत नाही. भांडुपनी डोक्यात तुम्ही धरलं होतं, कागदावर यू उतरला, आणि तुम्ही मधला मान वाटेत सांडला. यू ला तू की तुम्ही हे ठरवताच येत नाही. मग मान ठेवायचा कुठे, तर तो त्यांनी कुड आणि वुडमध्ये ठेवला. कुड यू सेंड म्हणजे कमरेत वाकणं नव्हे, ते फक्त तुम्ही आहे.

इंग्रजीतही पूर्वी तू होता, दाउ. त्याला तर शेपूट लागायचं, दाउ कॅन्स्ट, दाउ शॅल्ट. म्हणजे मी वर काडीचा बदल नाही म्हटलं ते आजच्या इंग्रजीपुरतं. यू हे तेव्हा अनेकवचन होतं, आणि आदरार्थी, अगदी आपल्या तुम्हीसारखं. हळूहळू सगळेच सगळ्यांना यू म्हणू लागले आणि दाउ प्रार्थनेत आणि जुन्या कवितांत उरला. तुम्हीने तू गिळला. कुत्र्यालाही तुम्ही म्हणायला लागल्यावर त्या तुम्हीत मान कसला उरणार.

आणि कुडमधला जो एल तुम्ही लिहिता पण उच्चारत नाही, तो मुळात नव्हताच. वुड आणि शुडला होता, कारण ते विल आणि शॅलवरून आले. त्यांचं बघून कुडलाही चिकटवला, पाचेकशे वर्षांपूर्वी. उगीच शेजाऱ्याने गॅलरी वाढवली म्हणून आपणही वाढवली, असं.

भांडुप_पश्चिम:

हे तू-तुम्हीचं कोणी शाळेत सांगितलं असतं तर, आमचे सर नुसते कॅनचा भूतकाळ कुड असं घोकून घ्यायचे, त्यामुळे क्लायंटला कुड लिहिताना मला कायम वाटायचं की मी कालचं काहीतरी विचारतोय.

टिलचं राहिलंच पण. आणि टू, विथ, ऑनचं.

कोर्टाची_पायरी:

मी फोर्टला वकिलांकडे भाषांतराचं काम करते, मराठी सात-बारा आणि जबान्या इंग्रजीत करायच्या, त्यामुळे टिल आणि बाय माझ्या रोजच्या जेवणातले.

दोन्हींना आपल्याकडे एकच पर्यंत आहे, तिथे घोळ होतो. सहापर्यंत ऑफिस उघडं आहे. सहापर्यंत फाइल द्या. पहिल्यात उघडं असणं सहापर्यंत चालूच राहतं, तिथे टिल. दुसऱ्यात फाइल एकदाच द्यायची आणि संपलं, तिथे बाय. मी एक युक्ती वापरते. पर्यंतच्या जागी च्या आत घालून बघा. सहाच्या आत फाइल द्या, बसलं, म्हणजे बाय. सहाच्या आत ऑफिस उघडं आहे, बसत नाही, म्हणजे टिल. आय कॅन वेट टिल सिक्स, बट आय मस्ट लीव्ह बाय सिक्स. टिल टुडे फाइल पाठव म्हटलंत म्हणजे आजपर्यंत फाइल पाठवतच राहा, थांबू नका, असं काहीतरी झालं ते. एका करारात असाच बायच्या जागी टिल गेला होता माझ्याकडून, भाडं भरायच्या तारखेला. वकील साहेबांनी लाल पेनने गोल करून कागद परत पाठवला, एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

बाकी तुमच्या तक्त्याचा दुसरा अर्धा भाग पण नाहीये. टू, विथ, ऑन हे मस्ट आणि कॅनला चिकटत नाहीत, पुढच्या मुख्य क्रियापदाला चिकटतात. वेट फॉर, आता आधी मे लावा, शुड लावा, फॉर हलत नाही. त्यामुळे पाठ करायचं तर क्रियापद आणि त्याचं शेपूट एकत्र पाठ करा. आपण फसतो कारण आपला प्रत्यय तसाच उचलून नेतो. त्याला विचार, म्हणून आस्क टू हिम, नाही, नुसतं आस्क हिम. त्याला सांग, टेल हिम. पण त्याला समजावून सांग, इथे एक्सप्लेन इट टू हिम, इथे टू हवा. माझ्यावर रागावला म्हणून अँग्री ऑन मी, नाही, अँग्री विथ मी. तिच्याशी लग्न, मॅरी विथ हर नाही, मॅरी हर, आणि झालेलं असेल तर मॅरीड टू हर. डिस्कसला अबाउट नको. ऑफिसला पोहोचलो, रीच्ड द ऑफिस, टू नको.

आणि प्रश्नात एक उलटं होतं. मी कोणाशी बोलू, आपला शी कोणाला चिकटलेला. इंग्रजीत हू कॅन आय स्पीक टू, तो टू बिचारा शेवटी एकटा उभा. घाबरू नका, बरोबर आहे ते. वाक्याच्या शेवटी असा टू नको हे खूळ जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली बेन जॉन्सनच्या वाक्यांना नावं ठेवताना काढलं आणि मास्तर लोकांनी ते धरून ठेवलं. बाई, तुम्हाला नाही हं.

शॅल तेवढा मेलमध्ये वापरू नका. आय आणि वी ला शॅल, बाकीच्यांना विल, हा जुना नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या लॅटिनमधल्या इंग्रजी व्याकरणात आहे, तो आता लंडनमध्येही फारसा कोणी पाळत नाही. शॅल उरला तो शॅल वी स्टार्ट, सुरू करूया का, एवढ्यापुरता, आणि आमच्या कागदांत. आपल्या संविधानाच्या पहिल्याच कलमात आहे, इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स. तिथे शॅल म्हणजे असणारच. कायद्यात शॅल म्हणजे करावंच लागेल आणि मे म्हणजे मर्जी, असं साधारण धरतात, तरी कोर्टं कधीकधी मेचा अर्थ शॅल लावतात आणि कधी उलटही, त्यावर वकिलांची घरं चालतात.

निवृत्त_बाई:

शेवटी टू आला की मी पण लाल खूण करायची हो. आता सांगून काय उपयोग, वह्या रद्दीत गेल्या.

भांडुप_पश्चिम:

आत्ता ऑफिसातून लिहितोय. आज सकाळी साहेबांना मेल टाकला, आधी शनिवारबद्दल माफी मागितली, यू डिड नॉट हॅव टू जॉइन असं म्हणायचं होतं म्हणून सांगितलं, मग खाली कुड यू प्लीज सेंड मी द लेजर बाय वेन्सडे. बुधवारच्या आत, बसलं, म्हणून बाय.

दहा मिनिटांत उत्तर आलं, नो हार्म डन, आणि पुढे आय कुड डू थर्सडे. आता हे कुड काय आहे? तो म्हणतोय का की गुरुवारी करू शकत होतो पण आता नाही? गुरुवार तर अजून यायचाय. मॅनेजरला विचारायचं धाडस नाही.

नाईट_शिफ्ट:

गुरुवारी देतो म्हणतोय. चालेल का असं विचारतोय तुला.

उगाच_एक:

थर्सडे वुड बी ग्रेट असं लिही. प्लीज नको लावूस, तूप जास्त होईल.